जाळीतली भूमिती



भूमिती म्हटले की पुष्कळांना प्रमेय, सिद्धता आणि परीक्षेतले गुण एवढेच आठवते. पण परकार आणि पट्टी ही दोन साधने परीक्षेहून फार जुनी आहेत. आपल्या ग्वाल्हेरात तानसेनाच्या समाधीशेजारी मोहम्मद गौस यांचा मकबरा आहे. अकबराच्या काळात, १६ व्या शतकात बांधलेल्या या वास्तूच्या चारही बाजूंना दगडी जाळ्या आहेत. त्यांतून वारा खेळतो, ऊन चाळून आत येते आणि फरशीवर नक्षी उमटते. अशी नक्षी कोणत्या नियमाने तयार होते आणि आजचे कलावंत तिचा उपयोग कसा करतात, हे या पाठात आपण पाहू.

नक्षीचा नियम

एका बिंदूभोवती ३६० अंश असतात. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, म्हणून सहा त्रिकोण त्या बिंदूभोवती नेमके बसतात. चौरस चार बसतात. सुसम षट्कोनाचा कोन १२० अंशांचा, म्हणून ते तीन बसतात. एकाच प्रकारच्या सुसम फरशांनी फट न ठेवता जमीन भरायची असेल, तर हे तीनच आकार चालतात.

हा नियम आपल्या अंगणातही आहे. '१५ ते ८' ठिपक्यांची रांगोळी आपल्या घरातल्या आजी सहज काढतात. मधल्या ओळीत १५ ठिपके, मग वर आणि खाली एकेक कमी करत ८ पर्यंत. प्रत्येक ठिपका दोन ठिपक्यांच्या मधोमध येतो. बाहेरचे ठिपके जोडून पाहा, षट्कोन मिळेल!

आता पंचकोन घ्या. सुसम पंचकोनाचा कोन १०८ अंशांचा. तीन पंचकोन ठेवले तर ३२४ अंश होतात, ३६ अंशांची फट उरते आणि चौथा मावत नाही. इराण व मध्य आशियातल्या कारागिरांनी यातून सुंदर मार्ग काढला. पंचकोनाच्या जोडीला त्यांनी दशकोन, लांबट षट्कोन, समभुज चौकोन आणि गळ्यातल्या बो-टायसारखा एक आकार घेतला. या पाचही आकारांच्या सर्व बाजू सारख्या लांबीच्या असतात, त्यामुळे ते एकमेकांना जुळतात. २००७ मध्ये पीटर लू आणि पॉल स्टाइनहार्ट या संशोधकांनी 'सायन्स' नियतकालिकात एक महत्त्वाची गोष्ट मांडली. इस्फहानच्या दर्ब-ए-इमाम या १४५३ च्या दर्ग्यावरील नक्षी ही रॉजर पेनरोज यांनी १९७० च्या दशकात शोधलेल्या रचनेच्या फार जवळ जाते. या रचनेत कितीही पुढे गेले तरी ठराविक अंतराने तीच नक्षी पुन्हा येत नाही.

हे ज्ञान कारागीर पुढच्या पिढीला कसे देत असत? इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात नमुन्यांची एक जुनी, लांबलचक कागदी गुंडाळी जपलेली आहे. तिच्यात ११४ आकृत्या आहेत. शाईच्या रेषांखाली, टोकदार हत्याराने नुसत्या कोरलेल्या आधाररेषाही तिच्यात आहेत. चटकन दिसतात त्या शाईच्या रेषा. पण कारागिराची खरी विद्या त्या न दिसणाऱ्या आधाररेषांत आहे, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

करून पाहा

१) एक वर्तुळ काढा. त्याचा एक आडवा आणि एक उभा व्यास काढा.
२) त्यांच्यामधले चारही कोन परकाराने दुभागा. आता वर्तुळावर आठ बिंदू मिळतील.
३) एक सोडून एक असे चार बिंदू जोडा, एक चौरस होईल. उरलेले चार जोडा, दुसरा चौरस होईल. दोन्ही मिळून अष्टकोनी तारा तयार झाला.
४) असेच तारे टोकाला टोक लावून आडव्या आणि उभ्या ओळींत मांडा. चार ताऱ्यांच्या मधे टोकदार बाहूंची फुली आपोआप दिसेल. ती कोणी काढलेली नाही, नियमातून ती आली आहे.

आजचे कलावंत

इराणच्या मोनीर शाहरूदी फर्मानफर्माइयान (१९२२–२०१९) यांनी आरशांच्या तुकड्यांतून त्रिकोण, चौरस आणि षट्कोन यांची शिल्पे घडवली. या कामात त्यांनी हाजी उस्ताद मोहम्मद नवीद या परंपरागत कारागिराची साथ घेतली. २०१७ मध्ये तेहरानमध्ये त्यांच्या नावाचे संग्रहालय उघडले.

पॅरिसच्या अरब संस्थेची इमारत १९८७ मध्ये उघडली. तिच्या दक्षिणेकडील भिंतीवर वास्तुकार ज्याँ नुव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४० चौकटी बसवल्या. उन्हाप्रमाणे कॅमेऱ्याच्या झडपेसारख्या उघडमीट व्हाव्यात अशी त्यांची योजना होती. जुन्या जाळीचे काम त्यांनी यंत्राकडून करून घ्यायचे ठरवले.

लाहोरमध्ये जन्मलेल्या अनिला कय्यूम आगा यांचे काम याहून वेगळे आहे. लहानपणी त्यांनी पाहिले, की तिथल्या मशिदींत स्त्रियांना मोकळी जागा नव्हती. पुढे स्पेनमधल्या अल्हम्ब्रा राजवाड्याची नक्षी पाहून त्यांनी सुमारे साडेसहा फुटांची एक लाकडी पेटी लेझरने कापून घेतली आणि आत एकच दिवा लावला. भिंती, छत, जमीन आणि पाहणारी माणसे, सर्वांवर एकच नक्षी पडते. तिथे कोणालाही बाहेर थांबावे लागत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या 'आर्टप्राइझ' स्पर्धेत या कृतीला लोकांच्या मतांचे आणि परीक्षकांचे, असे दोन्ही पुरस्कार मिळाले.

या कलावंतांनी जुनी नक्षी नुसती उतरवून घेतली नाही. नियम समजून घेतला, म्हणून त्यांना आरसा, धातू आणि सावली यांत नवे काही करता आले. आज रांगोळीचे तयार साचे बाजारात मिळतात, मोबाइलवर हजारो नमुने दिसतात. ते वापरण्यात गैर काही नाही. परंतु साचा हरवला की त्याच्यासोबत नक्षीही जाते. ज्याला ठिपके मांडता येतात, तो रिकाम्या अंगणातही नवी नक्षी उभी करतो. आपल्या आजींचे हे ठिपके पुढच्या पिढीकडे जातील की साच्यांतच संपतील, हे तुमच्या हातात आहे.

स्वाध्याय

१) '१५ ते ८' या रांगोळीत एकूण ठिपके किती? एकेक न मोजता उत्तर काढा.
२) सुसम अष्टकोनांनी जमीन भरताना मधे कोणता आकार उरतो? कारण लिहा.
३) मकबऱ्यातली एक जाळी निवडा. हात न लावता, नुसत्या निरीक्षणाने, पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत लहान भाग वहीत काढा. आधाररेषा पेन्सिलीने काढा आणि त्या खोडू नका. आम्ही आधी त्याच पाहणार आहोत.