कुंकवाची डबी घेऊन दुकानात जा

सांगली

चि. छकुली हिस,


परवा तुझा फोन आला तेव्हा समोर गिऱ्हाईक बसलं होतं, म्हणून धड बोलता आलं नाही. येवल्याच्या विणकरांना पैठण्यांचे फोटो आणि व्हिडिओ करून देण्याचं काम तू अंगावर घेतलंस, त्यासाठी नाशकात दहा बाय बाराची खोली घेतलीस, हे मी रात्री तुझ्या मामीला दोनदा सांगितलं. इतका आनंद झाला. पण लाईट कोणता घेऊ, हा प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नाही. तू पाठवलेल्या तिन्ही माहितीपत्रकांवर वॅटच्या आकड्यांभोवती गोल केलेत. वॅटकडे मी येणार आहे, पण आधी एका शालूची गोष्ट ऐक. ती मी तुझ्या आईलाही सांगितलेली नाही.

२०१३ ची लग्नसराई. तोवर मी हॅलोजनवर काम करायचो. हजार वॅटचा दिवा, मागे वायर सांभाळणारा पोरगा, नवरीच्या कपाळावर घाम, आणि कार्यालयाचा फ्यूज उडाला की सगळ्यांच्या नजरा आमच्याकडे. त्या वर्षी मी दोन एलईडी पॅनेल घेतली. हलकी, थंड, बॅटरीवर चालणारी. पाठीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. एक लग्न त्यांच्यावर पूर्ण केलं आणि अल्बम पोचवला. आठ दिवसांनी नवरीच्या आई दुकानात आल्या. पिशवीतून शालू काढून त्यांनी काउंटरवर ठेवला आणि शेजारी अल्बम उघडला. शालू लालभडक, अल्बममधला विटकरी. नवरीच्या कपाळावरचं कुंकू वाळलेल्या मातीसारखं. त्या चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "हा आमचा शालू नाही."

तीन रात्री मी कॉम्प्युटरसमोर बसलो. लाल वाढवला की चेहरे तापल्यासारखे दिसायचे, चेहरे सावरले की शालू पुन्हा विटकरी. शेवटी पैसे परत केले. लग्न काही परत होणार नव्हतं.

असं का झालं, ते मला नंतर कळलं आणि तुला आत्ताच कळलं पाहिजे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळा प्रकाश देणारा एलईडी घडवल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. त्या निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा थर देतात. थोडा निळा तसाच बाहेर येतो, थोड्याचा पिवळा होतो आणि दोन्ही मिळून आपल्या डोळ्यांना पांढरं दिसतं. पण हॅलोजनच्या प्रकाशात जांभळ्यापासून गडद लालपर्यंत सगळे रंग सलग असतात, तसे यात नसतात. फॉस्फर हलका असेल तर गडद लालचा भाग तुटपुंजा राहतो. जो रंग दिव्यातून निघालाच नाही, तो शालूवरून परत कसा येणार? कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स किंवा नंतरची दुरुस्ती असलेल्या रंगांचं प्रमाण बदलते, नसलेला रंग आणून देत नाही. माझ्या तीन रात्री म्हणून वाया गेल्या.

माहितीपत्रकात सीआरआय असा एक आकडा असतो, दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा. ९५ किंवा ९६ लिहिलेलं पाहून लोक निश्चिंत होतात. हा आकडा आठ रंगांच्या नमुन्यांची सरासरी आहे आणि ते आठही रंग फिके आहेत. भडक लाल त्या सरासरीत नाही. त्याचा आकडा वेगळा असतो, त्याला आर ९ म्हणतात. सीआरआय ८० असलेल्या घरगुती एलईडीचा आर ९ शून्याच्या आसपासही असू शकतो, आणि सरासरीवरून त्याचा पत्ता लागत नाही. तू दुकानदाराकडे आर ९ माग. नव्वदच्या पुढे असेल तर उत्तम. टीएलसीआय हा आकडाही विचार. तो डोळ्याऐवजी टीव्ही कॅमेऱ्याला रंग कसे दिसतील यावर काढतात, त्यामुळे व्हिडिओच्या कामाला तो जास्त जवळचा. आर ९ छापलेलाच नसेल तर ते पत्रक बाजूला ठेव.

आणि आकड्यांवरही थांबू नकोस. दुकानात जाताना कुंकवाची डबी घेऊन जा. हळदीचं खरं कुंकू, थोडी हळद, एखाद्या विणकराकडून मागून आणलेला पैठणीच्या पदराचा तुकडा आणि एक ग्रे कार्ड. आधी दुकानाबाहेर सावलीत, मोकळ्या उजेडात, ग्रे कार्डवर व्हाइट बॅलन्स घेऊन त्यांचा फोटो काढ. शेजारी स्वतःचा तळहात ठेव, कारण पदर हातात धरणारं कुणीतरी तुझ्या व्हिडिओत असणारच. मग आत ये, दुकानातले बाकीचे दिवे बंद करायला सांग, फक्त तो लाईट लाव, व्हाइट बॅलन्स पुन्हा घे आणि तसाच फोटो काढ. दोन्ही शेजारी ठेवून बघ. कुंकू कुंकू राहिलं का? हळद हिरवट झाली का? तळहातातलं रक्त गेल्यासारखं वाटतं का? लाईट दहा टक्क्यांवर आणून हेच पुन्हा कर, कारण काही लाईट मंद केले की रंग बदलतात. दुकानदार वैतागेल. वैतागू दे. ती डबी २०१३ पासून माझ्या बॅगेत आहे आणि तिच्यामुळे मी आजवर चार लाईट परत ठेवले आहेत.

पैठणीच्या बाबतीत हे दुप्पट लागू आहे. धूपछाव पैठणीत ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा. कापड जरा वळलं की रंग पालटतो. तोच तिचा जीव आहे, त्याचीच किंमत लोक मोजतात. दिव्यातच एक रंग अपुरा असेल तर त्या दोन रंगांपैकी एक मरतो आणि साडी एकरंगी दिसते. विणकरानं महिनोन् महिने मागावर बसून जे केलं, ते तू एका दिव्यापायी पुसून टाकलंस असं होऊ नये. कुरिअरचं पार्सल उघडल्यावर रंग वेगळा दिसला की गिऱ्हाईक साडी परत पाठवतं, आणि त्याचा भुर्दंड विणकराला बसतो.

रंग बदलणारा, लाल-निळा-हिरवा होणारा लाईट घेऊ नकोस. गाण्याच्या व्हिडिओला तो शोभतो, तुझ्या कामाला नाही. उरला प्रश्न एकरंगी डेलाइट घ्यायचा की बाय-कलर. बाय-कलरमध्ये ३२०० केल्विनच्या पिवळसर आणि ५६०० च्या पांढऱ्या अशा दोन जातींच्या चिपा असतात. एका टोकाला नेलास की निम्म्या चिपा बसून राहतात, म्हणून त्याच पैशात उजेड कमी मिळतो. लग्नघरात, जिथे आधीच पिवळे दिवे असतात, तिथे बाय-कलर उपयोगी पडतो. मी तोच वापरतो. तुझी खोली तुझ्या ताब्यात आहे. ५६०० चा साधा डेलाइट घे. काम करताना छताची ट्यूब बंद ठेव आणि खिडकीला जाड काळा पडदा लाव.

भिंतींचं मात्र उद्याच्या उद्या कर. तू पाठवलेल्या फोटोत खोली पिस्ता रंगाची आहे. एवढ्याशा खोलीत उजेड भिंतींवर आपटून साडीवर येणारच, आणि येताना हिरवा होऊन येणार. मग तू हजारोंचा लाईट आणून त्याला हिरव्या गाळणीतून गाळलास असं होईल. पांढरा, चकाकी नसलेला रंग लावून घे. मालक नाही म्हणाला तर पांढरं मांजरपाट टांग.

आता जरीचं. जरीवर उघडा दिवा मारलास तर चारदोन ठिकाणी पांढरे ठिपके चमकतील आणि बाकीची जर काळपट दिसेल. जर आरशासारखी असते. समोर जे असेल ते ती दाखवते. समोर लहान दिवा असेल तर ठिपका, मोठा पांढरा पडदा असेल तर सोन्याचा सलग पट्टा. उजेड मऊ होतो तो दिवा महागडा असल्यामुळे नाही, वस्तूच्या मानानं तो मोठा असल्यामुळे. १९५६ च्या 'अपराजितो' या सिनेमासाठी छायालेखक सुब्रत मित्र यांना बनारसच्या घराच्या अंगणातला दिवसाचा उजेड कलकत्त्याच्या स्टुडिओतल्या सेटवर हवा होता. त्यांनी सेटच्या वर पांढरं कापड ताणलं, दिवे त्याच्याकडे वळवले आणि कापडावरून परतलेला उजेड खाली घेतला. आकाशातून येतो तसा, सावली कुठून पडली ते कळू न देणारा. तो सिनेमा या एका गोष्टीसाठी तू पुन्हा बघ. म्हणून पैशातला मोठा वाटा लाईटवर संपवू नकोस. निदान नव्वद सेंटिमीटरचा, शक्यतो त्याहून मोठा सॉफ्टबॉक्स घे, आणि समोरच्या बाजूनं थर्माकोलचा पांढरा शीट उभा कर.

सॉफ्टबॉक्स बसवायला लाईटचं तोंड बोवेन्स पद्धतीचं आहे ना ते पाहा. बोवेन्स ही मूळ इंग्लंडची कंपनी २०१७ मध्ये बंद पडली, पण तिचं हे तोंड इतर अनेकांनी उचललं, त्यामुळे उद्या दुसऱ्या कंपनीचा लाईट घेतलास तरी तोच सॉफ्टबॉक्स चालेल. स्वतःचंच वेगळं तोंड असलेला लाईट स्वस्त मिळाला तरी नको.

वॅट शेवटी, कारण त्यात तुझ्यासारखे सगळेच अडकतात. उजेड अंतराच्या वर्गानं घटतो. दोन मीटरवरचा लाईट एक मीटरवर आणलास की उजेड साधारण चौपट. म्हणजे जवळ आणलेला साठ वॅटचा लाईट दूरच्या दोनशे चाळीसचं काम करतो, आणि जवळ आल्यामुळे साडीच्या मानानं मोठा होऊन जास्त मऊही होतो. दहा बाय बाराच्या खोलीत तुला दूर जायला जागाच नाही. सॉफ्टबॉक्स एक-दीड स्टॉप, म्हणजे निम्मा किंवा त्याहून जास्त, उजेड खातो, तो हिशेब धरूनही साठ ते शंभर वॅटमध्ये तुझं भागेल. पत्रकातला एक मीटरवरचा लक्सचा आकडा पाहून भुलू नकोस. तो बहुधा लाईटपुढे चकचकीत रिफ्लेक्टर लावून मोजलेला असतो, आणि तू रिफ्लेक्टर लावणारच नाहीस.

फोटोचंही ऐकून ठेव. दोनशे वॅटचा एलईडी सेकंदाच्या एकशेपंचविसाव्या भागात केवळ १.६ वॅट-सेकंद ऊर्जा खर्च करतो. दोनशे वॅट-सेकंदाचा साधा स्टुडिओ फ्लॅश ती सगळी एका झटक्यात ओततो. एलईडी त्याच विजेत जास्त उजेड देतो हे धरलं तरी दरी प्रचंड राहते. म्हणून पदर हवेत उडतानाचा क्षण गोठवायचा असेल तेव्हा भाड्यानं फ्लॅश आण. स्टँडवर पसरलेल्या साडीला मात्र घाई नसते. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेव आणि शटर सेकंदाच्या पंचविसाव्या भागावर ने, काही बिघडत नाही. शिवाय एलईडीच्या सततच्या उजेडात डोळ्यांना दिसतंय तेच फोटोत येतं, आणि उजेड वाचायला शिकायचा तर याच्यासारखा मास्तर नाही.

व्हिडिओत लाईट थरथरतो की नाही ते दुकानातच बघ. आपली वीज ५० हर्ट्झची. दिव्याला वीज पुरवणारं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, खराब असेल तर दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो आणि पडद्यावर काळे पट्टे सरकतात. तू २५ फ्रेम आणि १/५० शटरवर काम करशील तेव्हा ते लपेलही, पण जरीचा पदर हळूहळू उलगडतानाचा स्लो मोशन घ्यायला गेलीस की उघडं पडेल. फोन स्लो मोशनवर ठेव, लाईट पूर्ण, निम्मा आणि दहा टक्क्यांवर करून चित्रण कर. लाईटमधला पंखा किती वाजतो तेही तेव्हाच ऐक. विणकर आजोबा नक्षीबद्दल बोलत असताना मागे घरघर नको. स्टँड भक्कम घे, त्याच्या पायावर वाळूची पिशवी ठेव. सॉफ्टबॉक्स लावलेला लाईट पुढे झुकतो आणि खाली कुणाची तरी पैठणी असते.

एकच लाईट घे. दुसरा सहा महिन्यांनी बघू. माझा जुना स्टँड आणि पाच मीटर मांजरपाट शुक्रवारच्या एसटीनं पाठवतो. कापड आधी धुऊन घे, खळीमुळे ते पिवळट दिसतं. दुकानात असशील तिथूनच मला फोन कर. किंमत नंतर सांग, कुंकू कसं दिसलं ते आधी सांग.

तुझा,
मामा