रेवदंड्याचे सण: शेव्याहून जाणाऱ्यांसाठी खर्चाचा हिशेब

बंदरातल्या नोकरीत दोन-तीन सुट्या जोडून मिळाल्या की न्हावा शेव्याची मंडळी गाडी काढून नागावच्या किनाऱ्यावर जाऊन बसतात. तेवढ्याच पैशांत थोडं पुढे रेवदंड्याला मुक्काम केला, तर सण पाहायला मिळतो. गावाची वस्ती आजही पोर्तुगीजांच्या तटाच्या आत आहे, शेजारी चौलचा दत्ताचा डोंगर आणि खाडीपलीकडे कोर्लई. पोर्तुगीज १७४० मध्ये गेले. कोर्लईच्या ख्रिस्ती घरांत त्यांच्या भाषेतून आणि मराठीतून घडलेली बोली मात्र अजून चालते. सणाला तिकीट नाही. खिसा हलका होतो तो रस्त्यात आणि खोलीत.

पेण-वडखळ-अलिबागमार्गे गाडीने एका बाजूचं अंतर नव्वदेक किलोमीटर. जाऊन-येऊन बारा लिटर पेट्रोल धरा, म्हणजे साडेबाराशेच्या आसपास. चौघं असाल तर हे परवडतं. एकटे-दुकटे असाल तर उरणहून करंजा, तिथून लाँचने रेवस आणि पुढे अलिबागमार्गे एसटी. एका वेळचे माणशी दोनशेच्या आत भागतात. एसटीत बायकांना निम्मं तिकीट आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आहे, आजींचं आधार कार्ड विसरू नका. शेवटची लाँच कधी, हे जातानाच धक्क्यावर विचारा. वारा सुटला की लाँच बंद, मग वडखळचा वळसा आलाच.

घरगुती खोली आडवारी हजार ते दोन हजारांत मिळावी, शनिवारी तीच दुप्पट सांगतात. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला जीएसटी ५ टक्के आहे, म्हणजे दोन हजारांवर शंभर रुपये. पण वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या घरमालकाला सहसा नोंदणीच लागत नाही. तरीही कोणी 'प्लस जीएसटी' म्हणालं, तर जीएसटी क्रमांक छापलेलं बिल मागा. बिल नसेल तर कर कसला?

सणांत माझी पसंती नारळी पौर्णिमेला. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते, होड्या रंगरंगोटी करून सजतात आणि पावसामुळे पर्यटक कमी असतात, त्यामुळे खोलीचा भाव पाडून मागता येतो. पौर्णिमा १५ ऑगस्टला जोडून आली तर मात्र सवलतीची आशा सोडा.

चौलची दत्तयात्रा मार्गशीर्ष पौर्णिमेपासून पाच दिवस चालते. पायऱ्या बऱ्याच आहेत. संध्याकाळी चढा आणि गाडी लांबच लावा. काही वर्षी यात्रा नाताळाला भिडते. २०२३ मध्ये दत्तजयंती २६ डिसेंबरला आली होती. अशा वर्षी जत्रा आणि कोर्लईच्या माउंट कार्मेल चर्चमधला नाताळ, दोन्ही एकाच मुक्कामात होतात. पण थर्टी फर्स्टची गर्दीही तेव्हाच असल्याने खोली महिनाभर आधी धरावी. आगाऊ रक्कम दिलीत तर रद्द केल्यास किती परत मिळणार, ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.

 सणांसाठी इथे महिनोन्‌महिने घर भाड्याने घेऊन राहायचं तर भाडेकरार नोंदवणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची. मुद्रांक शुल्क करारातल्या एकूण भाड्याच्या पाव टक्का, ग्रामपंचायत हद्दीत नोंदणी फी ५०० रुपये. ही रक्कम कोण भरणार, ते आधी ठरवा; एजंटाची मजुरी यापेक्षा जास्त भरते.

राहायला गेलात की गावकरी सणाची वर्गणी मागायला येतील. द्यावी, पण पावती घेऊन. आकडा तुमचा, त्यांचा नव्हे. पाण्याच्या बाटलीला 'जत्रेचा भाव' लावला तर छापील किमतीवर बोट ठेवा. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तक्रारीला बिलाचा फोटो लागतो.