पेज तोंडाने, फीड नळीने

मांडवीहून एका ताईंनी विचारलं आहे. सासऱ्यांचं अन्ननलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन परळच्या टाटा मेमोरियलमध्ये झालं आणि ते पोटात नळी घेऊन घरी आले आहेत. नळीतून उकड्या तांदळाची पेज दिली तर चालेल का? आणि ही नळी आता कायमचीच का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण घरात खरी धास्ती त्याचीच असते. बहुतेकांची नळी कायमची नसते. या ऑपरेशनमध्ये अन्ननलिकेचा रोगट भाग काढतात आणि जठराला नळीसारखा आकार देऊन ते छातीत किंवा थेट मानेपर्यंत वर घेऊन जोडतात. तो जोड नीट सांधेपर्यंत पोट भरायला दुसरी वाट लागते. त्यातून पेशंट ऑपरेशनला येतो तोच कित्येक आठवडे घास अडकून वाळलेला असतो, त्याला आणखी उपाशी ठेवून चालत नाही. म्हणून लहान आतड्यात बारीक नळी घालून ठेवतात. कागदांवर तिला ‘जेजुनोस्टोमी’ लिहिलेलं असेल. तोंडाने पुरेसं जाऊ लागलं आणि वजन टिकलं की ती ओपीडीतच काढतात. साधारण महिना-दीड महिना धरा; पुढे किमो असेल तर जास्तही.

नळी म्हणजे शेवट, असं मानणाऱ्यांसाठी एक जुनी हकीकत. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रांझ टोरेक या सर्जनने एका बाईंची छातीतली अन्ननलिका यशस्वीपणे काढली. जठर वर आणून जोडणं तेव्हा जमत नव्हतं, म्हणून मानेतलं आणि पोटावरचं छिद्र शरीराबाहेरून रबरी नळीने जोडलं. त्या बाई त्या नळीवर जेवत जवळजवळ १२ वर्षं जगल्या. तुमच्या सासऱ्यांची नळी त्यामानाने फारच सोयीची आहे!

आता पेज. आजाऱ्याला पेज न देणं म्हणजे माया कमी पडल्यासारखं वाटतं, हे कोकणात राहून मला कळतं. पण नळीत ती घालू नका. ही नळी पेनाच्या रिफिलपेक्षा थोडीच रुंद असते. शितं आणि पिठूळ पाणी आत थिजलं की ती बंद पडते. शिवाय पेजेत बहुतांश पाणी. ५० किलोच्या माणसाला या काळात दिवसाला साधारण १२५० ते १५०० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रोटीन लागतं. पेजेवर ते भागत नाही. माशाचं सार, नाचणीचं सत्त्व, ताक, सोलकढी यांचंही तेच. आंबटाने तर नळीतलं दुधाचं फीड फुटून गुठळ्या होतात. डायटिशियनने दिलेली पावडर, तिने सांगितलेल्या मापाने, उकळून गार केलेल्या पाण्यात कालवायची. डबे महाग पडतात, हे खरं. पण परवडत नाही म्हणून पावडर पातळ करू नका. डायटिशियनला किंवा हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाला स्पष्ट सांगा. घरच्या जिनसांची गाळून द्यायची कृती बसवायची असेल तर ती त्यांनीच बसवून द्यावी.

वेगाबद्दल विशेष सांगतो, कारण तिथे बहुतेक घरं चुकतात. जठर अन्न साठवून ठेवतं, आतडं साठवत नाही. सिरिंजने भसकन ओतलं तर पोटात कळा येतात, जुलाब लागतात. म्हणून फीड ड्रिपने किंवा पंपाने सावकाश, बरेचदा रात्रभर चालवतात. लवकर ताकद यावी म्हणून आपल्या मनाने वेग वाढवू नका. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम घसरून थेट हृदयावर ताण येतो. फीड चालू असताना डोकं आणि पाठ उंच ठेवा. आपल्याकडच्या उकाड्यात फीड टिकत नाही, तेव्हा चार तासांत संपेल एवढंच कालवा. पावसाळ्यात लाईट जाते. पंप असेल तर साधा ड्रिप सेट घरात ठेवा.

फीडच्या आधी, नंतर आणि प्रत्येक औषधानंतर ३० मिली कोमट पाणी सिरिंजने सोडा. ही एक सवय लागली तर निम्मी दुखणी टळतात. गोळ्या कुटून घालण्यापूर्वी विचारा. काही गोळ्या कुटायच्या नसतात, त्यांचं पातळ औषध मिळतं. नळी तुंबली तर कोमट पाण्याने हलक्या हाताने सिरिंज मागेपुढे करा. तार, सुई, कोल्ड्रिंक, काहीही नको. नळीभोवतीची कातडी रोज धुऊन कोरडी ठेवा, दमट हवेत तिथे बुरशी लगेच धरते.

तोंडाने खायची परवानगी मिळाली की पेजेची पाळी येते. गुरगुट्या भात, मऊ अंडं, काटे काढून कुस्करलेली सुरमई, दिवसातून सहा ते आठ वेळा, थोडं थोडं. पाणी जेवणाच्या मध्ये नको, अर्ध्या तासाच्या अंतराने. गोड सरबत टाळा. खाल्ल्यावर घाम, धडधड, चक्कर येते ती बहुधा त्यानेच. जेवून दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही. वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर करून लिहा. घास पुन्हा अडकू लागला तर रोगच परतला असं समजू नका. जोड आकसलेला असू शकतो आणि दुर्बिणीतून तो रुंद करता येतो. मात्र दाखवायला उशीर नको.

ताप, छातीत दुखणं, धाप, पोट फुगून उलट्या, यांतलं काही झालं तर फीड बंद करून लगेच डॉक्टर गाठा. आणि नळी निसटून बाहेर आली तर घरी परत घालायचा प्रयत्न करू नका, मुंबईच्या गाडीची वाटही बघू नका. ते छिद्र काही तासांत आकसतं. जागेवर स्वच्छ गॉज ठेवा, निघालेली नळी पिशवीत घ्या, डिस्चार्ज कार्ड बरोबर घ्या आणि तडक सिव्हिल हॉस्पिटल गाठा. तिथून ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन लावता येईल.