कट्ट्यावरचे नियम

निरगुडसरला देवळाच्या कट्ट्यावर आम्ही बुद्धिबळ शिकलो ते नुसतं बघून. संध्याकाळी डेअरीला दूध घातलं की पट मांडायचा, हरणाऱ्यानं चहा पाजायचा. डाव उघडताना दोन प्यादी एकेक घर, शह नसतानाही राजा कोंडला की हरला, आणि प्यादं पलीकडं पोचलं तर मेलेल्यांतलंच काहीतरी परत घ्यायचं. कट्ट्यावरचे तात्या म्हणतील तो नियम. पंचवीस वर्षं मी स्वतःला गावातला पट्टीचा खेळाडू समजत होतो.

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं बाटुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि मला चेव आला. मंचरला एका स्पर्धेत नाव घातलं.

समोर सहावीतली पोरगी. तिचं एक प्यादं माझ्या बाजूनं चौथ्या ओळीत आलेलं. शेजारच्या उभ्या ओळीतलं माझं प्यादं एकच घर सरकवलं तर तिचं ते खाईल म्हणून मी माझं दोन घरं पुढं काढून तिच्या प्याद्याच्या बाजूला नेऊन ठेवलं. तिनं शांतपणे माझं प्यादं उचललं आणि आपलं तिरकं, माझ्या प्याद्यानं ओलांडलेल्या घरात सरकवलं. मी ओरडलोच. पंच आले, म्हणाले, बरोबर आहे. फक्त लगेचच्या चालीलाच मारता येतं, इतकंच. पोरगी म्हणाली, "काका, तुमचं घड्याळ चालू आहे."

पुढच्या फेरीत माझा राजा नि वजीर, समोर एकटा राजा. वजीर घोड्याच्या चालीएवढ्या अंतरावर ठेवत मी त्याला कोपऱ्याकडं ढकलत नेलं. तो कोपऱ्यात शिरला, मी पुन्हा वजीर त्याच अंतरावर आणला आणि चहाची ऑर्डर दिल्यासारखा मागं टेकलो. त्याला शह नव्हता आणि चालायला घरही नव्हतं. बरोबरी. अर्धा गुण गेला तो असा.

म्हणून मोठेपणी शिकायला बसणाऱ्यांना सांगतो, डावाच्या सुरुवातीच्या चाली पाठ करायच्या आधी शेवट शिका. वजिरानं राजा कोपऱ्यात घातला की वजीर तिथंच थांबवा आणि आपला राजा चालत आणा. हात लावला तर तीच सोंगटी चालावी लागते. कॅसलिंग करताना, म्हणजे राजा नि हत्ती एकाच चालीत हलवताना, आधी राजा धरा; हत्तीला आधी हात लागला तर पंच हत्तीच चालायला लावतात. शह असताना किंवा राजा मारातल्या घरावरून जात असताना कॅसलिंग होत नाही. आणि पहिला वजीर जिवंत असतानाही प्याद्याचा दुसरा वजीर होतो, हे मला चाळिशीनंतर कळलं!

फार लाजायचं कारण नाही. बुद्धिबळपटू मीर सुलतान खानही देशी नियमांवरच वाढले होते. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जाई. नवे नियम अंगवळणी पाडून त्यांनी १९२९ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद मिळवलं. अर्थात ते सुलतान खान होते.

तात्यांना मी हे सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, दोन प्यादी एकेक घर सरकवली आणि म्हणाले, "मंचरचं मंचरला. चाल तू."

परवा त्यांचा राजा कोंडला. मी बरोबरी म्हणालो, ते मात्र हरलो म्हणून हटून बसले आणि चहा त्यांनीच पाजला.