बजाज फायनान्सचे स्प्लिट : हाती काय, कर किती, पुन्हा कधी?

शेअरचे विभाजन, म्हणजे स्प्लिट, भागधारकाला फुकट मिळते. त्यावर ना दलाली लागते, ना कर. पण सोबत बोनस आला असेल आणि विकताना घाई केली, तर खिशाला चाट बसते. पुण्याच्या बजाज फायनान्सने दोन्ही वेळा स्प्लिट आणि बोनस एकत्रच दिले, म्हणून तिचाच हिशेब मांडू.

आजवर काय झाले?

- सप्टेंबर २०१६ : दर्शनी मूल्य १० रुपयांवरून २ रुपये, शिवाय एकास एक बोनस. एका शेअरचे १० झाले.
- जून २०२५ : २ रुपयांवरून १ रुपया, शिवाय एका शेअरमागे ४ बोनस. पुन्हा एकाचे १०.

म्हणजे २०१६ च्या आधीच्या एका शेअरचे आज १०० आहेत. भावही त्याच प्रमाणात उतरतो. २०२५ मध्ये तो नऊ हजारांवरून हजाराच्या आत आला, तरी कुणाचे एकूण मूल्य त्यामुळे बदलले नाही.

कर कुठे लागतो?

स्प्लिटमध्ये खरेदी किंमत विभागली जाते, तारीख जुनीच राहते. बोनस शेअरची किंमत शून्य धरतात आणि मुदत वाटपाच्या दिवसापासून मोजतात.

समजा, २०२० मध्ये ४,००० रुपयांनी १० शेअर घेतले. गुंतवणूक ४०,००० रुपये. आता प्रत्येकी २,००० रुपये किमतीचे २० आणि शून्य किमतीचे ८० शेअर आहेत. सगळे ९०० रुपयांनी विकले, तर खरा नफा ५०,००० रुपये.

- वाटपाला १२ महिने उलटल्यावर विकले : सगळा नफा दीर्घकालीन. वर्षाला १.२५ लाखांपर्यंत सूट असल्याने, असा दुसरा नफा नसेल तर कर शून्य.
- १२ महिन्यांच्या आत विकले : बोनसवर ७२,००० रुपये अल्पकालीन नफा. २० टक्क्यांनी कर १४,४०० रुपये, वर ४ टक्के सेस. जुन्या २० शेअरवरचा २२,००० रुपयांचा तोटा दीर्घकालीन असल्यामुळे या नफ्यातून वजा होत नाही.

विक्रीचा खर्च

९०,००० रुपयांच्या विक्रीवर ०.१ टक्के रोखे व्यवहार कर, म्हणजे ९० रुपये. डिमॅटचे विक्री शुल्क शेअरच्या संख्येवर नसते, एका कंपनीसाठी दिवसाला एकदाच लागते. दलाली मात्र शेअरमागे आकारली जात असेल, तर दरपत्रक आधी वाचा.

पुन्हा स्प्लिट होईल?

सेबीच्या नियमानुसार दर्शनी मूल्य रुपयाच्या अपूर्णांकात ठेवता येत नाही. बजाज फायनान्स १ रुपयावर आली आहे, त्यामुळे आजच्या नियमांत आणखी स्प्लिट शक्य नाही. बोनस मिळू शकतो. २०१४ मध्ये स्टेट बँक आणि २०२२ मध्ये टाटा स्टीलही १ रुपयावर आल्या. उलट एमआरएफचे दर्शनी मूल्य १० रुपये आहे. जून २०२३ मध्ये भावाने लाखाचा टप्पा ओलांडला, तरी कंपनीने स्प्लिट केले नाही. वाव असला तरी निर्णय संचालक मंडळाचा असतो आणि त्याला भागधारकांची मंजुरी लागते.

लक्षात ठेवा

- ‘स्प्लिट येणार’ अशी टीप आली, की आधी दर्शनी मूल्य पाहा.
- लाभासाठी रेकॉर्ड तारखेच्या आदल्या कामकाजाच्या दिवसापर्यंत खरेदी हवी.
- जुनी काँट्रॅक्ट नोट आणि बोनस वाटपाची तारीख जपून ठेवा.
- केवळ स्प्लिटसाठी शेअर घेऊ नका. कंपनीची कमाई त्याने एका रुपयानेही वाढत नाही.