फोन वाजतो, पण गोळी घेतली का?



दोन पावसाळ्यांपूर्वी आपल्यापैकी बऱ्याच वाचकांनी घरात पडून असलेले मोबाइल आमच्या केंद्राकडे पाठवले. ‘रुग्णांना औषधाची आठवण करायला उपयोगी पडतील,’ असे सोबतच्या बहुतेक चिठ्ठ्यांत लिहिले होते. त्या फोनांचे पुढे काय झाले, अशी विचारणा अधूनमधून होत असते. म्हणून हा लेख. मी मेळघाटात धारणी तालुक्यात बावीस वर्षे नर्स म्हणून काम करते आहे. यंत्रातले मला फार कळत नाही. तेवढ्यापुरती कुठे चूक दिसली तर जाणत्यांनी कळवावे. रुग्णांबद्दल मात्र जे पाहिले तेच लिहिते.

आधी आठवण करण्याची गरज का पडते ते सांगते. क्षयरोगाचा साधा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे एकत्र केलेली गोळी आणि पुढचे चार महिने तीन औषधांची. किती गोळ्या घ्यायच्या ते वजनावर ठरते. ३५ ते ४९ किलो वजनाच्या माणसाला रोज तीन. पूर्वी हे औषध आठवड्यातून तीन दिवस असे, २०१७ पासून ते देशभर रोजचे झाले. सहा महिने रोज तीन गोळ्या म्हणजे पाचशेच्या वर गोळ्या होतात. माझी स्वतःची रक्तदाबाची एकच गोळी आहे, आणि तीही महिन्यातून दोनदा राहते. दुसऱ्याला बोलण्याआधी हे कबूल केलेले बरे.

आमच्याकडे त्यात आणखी एक भर पडते. दिवाळी झाली की गावे रिकामी होतात. कोणी वीटभट्टीवर, कोणी ऊसतोडीला, कोणी शहरात बांधकामावर जाते आणि होळीला परत येते. कोरकू माणूस कुठेही असो, होळीला घरी येणारच. मधले ते तीन-चार महिने माझ्या रजिस्टरमध्ये रुग्ण असतो, पण माझ्या डोळ्यांसमोर नसतो. तेव्हा आपण पाठवलेले फोन हातात आले, तेव्हा मला वाटले की आता हा प्रश्न सुटला.

माझी चूक इथेच झाली.

चाळिशीच्या आसपासचा एक रुग्ण होता, वजन ४१ किलो. औषध सुरू होऊन महिना झाला होता आणि तो भट्टीवर निघाला होता. मी त्याला एक फोन दिला, पुढच्या औषधाची पाकिटे दिली आणि रोज सकाळी सात वाजता आपोआप मेसेज जाईल अशी सोय करून घेतली. ‘नमस्कार. आपली टीबीची गोळी घेण्याची वेळ झाली आहे.’ मेसेज पोहोचला की माझ्या फोनवर खूण येई आणि मी रजिस्टरमध्ये बरोबरची खूण करत असे. एकही दिवस चुकला नाही. महिनाअखेरीस ते पान मी वरिष्ठांना मोठ्या कौतुकाने दाखवलेही होते.

होळीला तो परत आला तेव्हा खोकत होता. वजन ३६. मी विचारले, ‘भाऊ, मेसेज येत नव्हता का?’ तो म्हणाला, ‘येत असेल सिस्टर, फोन पुतण्याकडे होता. तो गाणी ऐकायचा.’ हळूहळू सगळे कळले. त्याला वाचता येत नाही, हे मला ठाऊक असायला हवे होते. पुतण्याने पहिल्या आठवड्यात मेसेज वाचून दाखवला, तोही चार माणसांत. ‘टीबी’ हा शब्द ऐकून भट्टीवरच्या एका कुटुंबाने त्याच्या बायकोला पाण्याच्या हंड्याला हात लावू दिला नाही. त्यानंतर त्याने पुतण्याला सांगितले, हे वाचायचे नाही. गोळ्यांनी मळमळत होते, आणि ताप-खोकला थांबला म्हणून बरेही वाटत होते. सातव्या आठवड्यात त्याने गोळ्या बंद केल्या. माझा मेसेज पुढेही रोज जातच होता, आणि रोज ‘पोहोचत’ होता.

थुंकी पुन्हा तपासली. औषधाला न जुमानणारा क्षय झालेला नव्हता, एवढे नशीब. उपचार पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू झाला. घरातल्या धाकट्या मुलीची तपासणी केली. तिला आजार नव्हता, पण तिलाही सहा महिने प्रतिबंधक गोळी लागली. ते बरोबरच्या खुणांचे पान मी अजून जपून ठेवले आहे.

त्या उन्हाळ्यात केंद्रात सुट्टीसाठी आलेल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याला मी हे सांगितले. त्याने मला काही अभ्यास शोधून दिले आणि समजावूनही सांगितले. त्यातला एक वाचकांना सांगण्यासारखा आहे. आफ्रिकेतल्या केनिया देशात एचआयव्हीची औषधे घेणाऱ्या ५३८ रुग्णांवर तो झाला आणि २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या रुग्णांना दर आठवड्याला एक मेसेज जाई. मेसेजमध्ये गोळीचे, आजाराचे नावही नसे. स्वाहिली भाषेत फक्त ‘मांबो?’ म्हणजे ‘कसं काय?’ रुग्णाने दोन दिवसांत उत्तर द्यायचे. ‘सावा’ म्हणजे ठीक, ‘शिदा’ म्हणजे अडचण आहे. अडचण म्हटले किंवा उत्तरच आले नाही, तर दवाखान्यातून नर्स फोन करी. मेसेज मिळणाऱ्यांपैकी ६२ टक्के रुग्णांनी औषध नीट घेतले, न मिळणाऱ्यांपैकी ५० टक्क्यांनी.

त्याच देशात पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासाने मला आणखी बुचकळ्यात टाकले. तिथे काहींना रोज मेसेज जाई, काहींना आठवड्यातून एकदा. आठवड्याच्या मेसेजचा उपयोग झाला, रोजच्या मेसेजचा झाला नाही. मी विचार करत राहिले. मग घरातल्या सुनेला विचारले, ‘मी तुला रोज गॅस बंद कर म्हणते, तू ऐकतेस का?’ ती हसली. उत्तर मिळाले.

विसरणाऱ्याला आठवण पुरते. पण माझा रुग्ण विसरला नव्हता. त्याला मळमळत होते, लाज वाटत होती, आणि बरे वाटत होते. त्याला यातले कोणाला तरी सांगायचे होते. मी त्याला जो फोन दिला होता तो नुसता बोलत होता, ऐकत नव्हता.

आमच्या लोकांना उत्तर टाइप करून पाठवायला सांगणे शक्य नव्हते. मग एका आशा ताईने उपाय सुचवला आणि तो इतका सोपा होता की मला ओशाळल्यासारखे झाले. मिस्ड कॉल! ज्याला वाचता येत नाही तोही मिस्ड कॉल देतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत. आमचा नियम असा ठरला: आठवडी बाजाराच्या दिवशी आम्ही फोन करायचा, कारण त्या दिवशी माणूस भट्टीवरून बाजाराच्या गावात येतो आणि तिथे रेंज असते. फोनवर आशा ताई कोरकूतच बोलते. जेवण झाले का, पोरे कशी आहेत, एवढेच. आजाराचे नाव नाही. मधल्या दिवसांत रुग्णाने एक मिस्ड कॉल दिला तर सगळे ठीक. लागोपाठ दोन दिले तर त्रास आहे, फोन करा. बाजाराच्या दिवशी फोन लागला नाही आणि मिस्ड कॉलही आला नाही, तर तिसऱ्या दिवशी आम्ही मुकादमाला किंवा सोबतच्या माणसाला फोन लावतो. नंबर निघतानाच घेऊन ठेवतो.

मिस्ड कॉलची कल्पना काही आमचीच नव्हे. आपल्या देशात ‘९९डॉट्स’ नावाची पद्धत क्षयरुग्णांसाठी वापरली गेली आहे. तिच्यात गोळी पाकिटातून फोडली की मागे लपवलेला फोन नंबर दिसतो, आणि रुग्णाने त्या नंबरवर फुकट फोन करायचा असतो. गोळी फोडल्याशिवाय नंबर कळत नाही, ही तिच्यातली हुशारी. पण फोडलेली गोळी पोटात गेलीच असेल असे नाही, आणि गोळी नीट घेणारा माणूसही फोन करायला विसरतो. म्हणून आम्ही फोनवर एक जुना प्रश्न विचारतोच: लघवीचा रंग कसा आहे? रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी-लाल होते. हे आधी सांगितले नाही तर माणूस घाबरून औषध सोडतो. सांगितले तर तीच आपली साक्ष होते.

आता बोलणाऱ्या फोनविषयी. काही वाचकांनी पाठवलेल्या स्मार्टफोनमध्ये ‘गुगल असिस्टंट’ आहे, आणि २०१८ पासून त्याला मराठी समजते. तो विद्यार्थी फोनशी बोलला, ‘रोज रात्री आठ वाजता अलार्म लाव,’ आणि अलार्म लागला. आम्ही सगळे थक्क. मग बाजूला बसलेल्या आजींना म्हटले, तुम्ही बोला. आजी कोरकूत बोलल्या. फोनला कळले नाही. आजींनी मोठ्याने सांगितले, तरी नाही. तिसऱ्यांदा आजींनी त्याला चार शब्द सुनावले, त्यांचे भाषांतर मी इथे देत नाही.

तेव्हा ज्याला मराठी येते त्यालाच त्याचा उपयोग. पण त्याला तो खरोखर होतो. आमच्या गावचे एक निवृत्त वनमजूर आहेत, मोतीबिंदूने नजर अधू झालेली, साखर आणि रक्तदाब दोन्ही. त्यांना बटणे दिसत नाहीत. ते फोनला वेळ विचारतात, वार विचारतात, अलार्म लावायला सांगतात. गेल्या वर्षभरात त्यांची साखर आटोक्यात आहे. एकदा मात्र त्यांनी फोनलाच विचारले, ‘काल गोळी राहिली, आज दोन घेऊ का?’ फोनने काहीबाही वाचून दाखवले. सुदैवाने त्यांनी मलाही विचारले. तेव्हापासून फोन देताना आम्ही बजावून सांगतो की फोनला वेळ विचारा, औषध विचारू नका. राहिलेली गोळी भरून काढायला दोन गोळ्या एकदम घेऊ नका, आधी आम्हाला विचारा.

ज्यांना मराठी येत नाही त्यांच्यासाठी एक युक्ती सापडली. आश्रमशाळेत शिकणारी बारा वर्षांची एक मुलगी आहे, तिला फिट्स येतात. शाळेत अधीक्षिका गोळी देतात. दिवाळीच्या सुट्टीत ती आजीकडे येते, आईबाप कामाला गेलेले असतात. आजी दिवेलागणीलाच झोपते आणि रात्रीची गोळी राहते. फिटचे औषध असे मध्येच तुटले की फिट उलटून येते. मागच्या सुट्टीत ती चुलीजवळ पडली आणि हात भाजला. यंदा आम्ही फोनमध्ये तिचाच आवाज भरून घेतला, कोरकूत: ‘आजी, माझी गोळी दे.’ आणि तो आवाज रात्री साडेसातच्या अलार्मला लावला. अलार्मला रेंज लागत नाही, फोन चार्ज असला की पुरे. मुलगी शेजारच्या घरी खेळत असली तरी आजी उठून गोळी शोधते, कारण नात हाक मारते आहे. सुट्टीच्या एकवीस दिवसांत एकही गोळी राहिली नाही. आशा ताईने पाकिटातल्या गोळ्या मोजून पाहिल्या. मी आता फक्त खुणांवर विश्वास ठेवत नाही.

घरी कोणासाठी अशी सोय करायची असेल तर थोडे सांगते. वेळ घड्याळाची न धरता माणसाच्या कामाची धरावी. सकाळी सातला आमचा माणूस शेतात असतो, गोळी घरी. मेसेजमध्ये आजाराचे आणि औषधाचे नाव घालू नये. फोन वाचून दाखवणारा किंवा मोठ्याने बोलणारा असेल तर अधिकच जपावे. जुन्या बटणांच्या फोनवर देवनागरी मेसेज कधी नुसत्या चौकोनांसारखे दिसतात, म्हणून आधी स्वतः पाठवून पाहावे. आणि फोन कोणाच्या खिशात असतो ते नक्की विचारावे. पोषणासाठी सरकारकडून क्षयरुग्णांना महिन्याला मिळणारे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून ५०० चे १००० रुपये झाले. ते खात्यात जमा झाल्याचा मेसेज मात्र कोणी न वाचता सोडत नाही. वाचता येत नसेल तर चौघांकडून वाचून घेतात. आम्ही विचारतो, ‘मेसेज कोणी वाचून दिला?’ तोच त्या घरातला आमचा निरोप्या.

तो भट्टीवरचा रुग्ण भाद्रपदात बरा झाला. वजन ४७. दुसऱ्या खेपेच्या तिसऱ्या महिन्यात एका रात्री साडेदहाला त्याचे लागोपाठ दोन मिस्ड कॉल आले. मी फोन केला. उलट्या होत होत्या आणि डोळे पिवळे दिसत होते. गोळ्या थांबवून सकाळी रुग्णालयात आणायला सांगितले. औषधाने यकृताला सूज आली होती. डॉक्टरांनी काही दिवस औषधे बंद ठेवून एकेक करून पुन्हा सुरू केली. पहिल्या खेपेला हे झाले असते तर माझ्या रजिस्टरमध्ये त्या रात्रीही बरोबरचीच खूण पडली असती.

ज्यांना फोन पाठवायचे असतील त्यांनी यंदा बटणांचे साधे फोन पाठवावेत. त्यांची बॅटरी चार-पाच दिवस टिकते, आणि आमच्या बऱ्याच गावांत वीज तेवढेच दिवस गायब असते. चार्जर विसरू नये. मागच्या खेपेला एकोणीस फोन आणि अकरा चार्जर आले होते.