फळी जळते? फेन्स तपासा

प्रश्न : टेबल सॉवर सागाची फळी उभी चिरताना कडा काळ्या पडतात, फळी अडकते. पातं नवीन आहे. काय करावं?

उत्तर : दोष बहुधा फेन्सचा आहे. प्लग काढा. आधी पातं टेबलाच्या खाचेला समांतर आहे ना, ते बघा. मग त्याच खाचेपासून फेन्सचं पुढचं-मागचं अंतर मोजा. मागे कमी भरलं तर फळी पात्याच्या मागच्या दातांवर दाबली जाते आणि ते दात ती उचलून तुमच्या अंगावर फेकतात. हे जिवावरचं आहे, चालढकल नको. बोल्ट ढिले करून फेन्स समांतर करा. मागे कागदाएवढी फट जास्त राहिली तरी चालेल. बोल्ट आवळल्यावर पुन्हा मोजा, आवळताना फेन्स सरकते. रुळावरचा भुसा रोज पुसा, अधूनमधून मेण लावा. तेल नको, त्यावर भुसा चिकटतो.